तांबड्या ढेकणाचा तक्ता

अकोल्याच्या कीटक परिषदेत तक्ता मांडायची परवानगी आली, तेव्हा पंचफुला तायडे प्रयोगशाळेत बेडकांच्या टाकीत पाणी भरत होती. पत्र वाचता वाचता नळाकडे तिचं लक्षच राहिलं नाही. टाकी भरून वाहिली, बेडूक बाहेर पडले आणि त्यातला एक विभागप्रमुख किसनराव देशमुखांच्या खोलीत शिरला. किसनराव त्याला हातात धरूनच बाहेर आले.

"अभिनंदन, मिस तायडे," बेडूक तिच्या हातात देत ते म्हणाले. "पण दोन अडचणी आहेत."

पंचफुला अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती. साल त्रेसष्ट. तायड्यांच्या घरात कॉलेज पाहिलेली ती पहिलीच. वडील देवमन कापसाच्या जिनात कामाला. कापसातले तांबडे ढेकूण तिनं लहानपणापासून पाहिलेले. हा ढेकूण घरातल्या खाटेतला नव्हे बरं का. हा शेतातला, लाल अंगाचा, पाठीवर दोन काळे ठिपके असलेला. तो सरकी चोखतो आणि पांढऱ्याशुभ्र कापसाला डाग पाडतो. त्याची दुसरी खोड अशी की जोडी जमली की एकमेकांना सोडायचं नाव नाही. शेपटाला शेपूट चिकटलेलं, तोंडं दोन दिशांना, आणि अशीच ती जोडी बोंडाबोंडावरून दोन-दोन दिवस हिंडत राहते.

आता तोंडं दोन दिशांना असली तर जायचं कोणत्या दिशेनं? कॉलेजात लावलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, 'नर मादीस आपल्या मागे ओढीत नेतो.' पंचफुलानं अख्खा हंगाम पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, उकिडवं बसून पाहिलं, तर उलटंच. मादी अंगानं मोठी. ती तोंड वर करून सरळ चालायची आणि नर बिचारा उलट्या पावली तिच्यामागे फरपटत जायचा. वर मादी चालता चालता सरकीही चोखायची. म्हणजे जोडी जमली म्हणून नुकसान थांबत नाही, हा तिचा मुद्दा.

"पहिली अडचण," किसनराव म्हणाले, "तक्त्याच्या मजकुरात तुम्ही तो शब्द लिहिला आहे."

"कोणता, सर?"

किसनरावांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत बेडकांशिवाय कोणी नव्हतं, तरी त्यांना तो उच्चारवेना. त्यांनी दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींना लावून दाखवल्या आणि झटकन सोडवल्या.

"मैथुन?" पंचफुलानं विचारलं.

"हळू!" किसनराव तांबडे झाले. "परिषदेला सहकुटुंब येतात लोक. 'सहवास' लिहा. नाहीतर 'युग्मावस्था' लिहा, कोणाला कळणार नाही."

"आणि दुसरी अडचण?"

किसनराव पुण्यात शिकलेले आणि ते कोणी विसरू नये म्हणून जपून पुणेरी बोलणारे. पण जीव घाबरला की त्यांचं पुणं बडनेरा स्टेशनाच्या पुढे टिकत नसे. ते खुर्चीत बसले नि म्हणाले, "आवो, अध्यक्ष कोन हायेत मालूम हाये का? डॉक्टर भडभडे! ज्यायच्या पुस्तकात नर मादीले ओढते असं छापलं हाये, तेच! आता त्याईच्या तोंडावर तुमी मादी ओढते म्हनसान, तर आपल्या डिपार्टमेंटचं काय होईन?"

तिनं बेडूक टाकीत सोडला.

तक्ता काढायचा कोणी हा प्रश्न त्याहून मोठा होता. पंचफुलाला ढेकणाची सगळी माहिती होती, पण तिनं काढलेला ढेकूण शेंगदाण्यासारखा दिसायचा. तिची आई इंदूबाई म्हणाली, "घरात पेंटर असताना फिकर काहून करून राहिली? तुया मामाले सांग."

मामा म्हणजे खुशाल पेंटर. टॉकीजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. नट कोणीही असो, मामा त्याला मनासारखा करून सोडायचा. नट्यांचं तर विचारूच नका. मामानं आयुष्यात जवळून नीट पाहिलेलं बाईचं नाक एकच, पार्बताबाई मामीचं. त्यामुळे अमरावतीत आलेल्या प्रत्येक हिरॉइनला मामीचं नाक होतं, आणि मामी टॉकीजसमोरून जायची ती पदर खाली ओढून.

पंचफुलानं त्याच्यापुढे बाटलीत आणलेली जोडी ठेवली. मामानं विडी विझवली, बाटली डोळ्याशी धरली आणि फार वेळ पाहिलं.

"यातला हिरो कोन्ता?"

"हा लहान. मागचा."

"मंग समोरची हिरॉइन? आन् थे त्याले वढून राह्यली?"

"हो. तेच तर दाखवायचं आहे, मामा."

"आन् हा उलटा चालते?" मामाला खरंच वाईट वाटलं. "पोरी, तीस वर्साची माही लाइन. हिरॉइन पुढं आन् हिरो उलटा फरपटते, असं पिक्चर म्या तं पाह्यलं नाही. लोक खुर्च्या फोडतीन."

"तिथे लोक नाहीत, प्रोफेसर असतात. मामा, तू फक्त जसं दिसतं तसं काढ. सहा पाय, पाठीवर ठिपके, डोळे बाजूला. आणि तक्ता छोटा, भिंतीवर मावेल एवढा. काळ्या शाईत."

"समजलं, समजलं," मामा म्हणाला. त्याचं हे 'समजलं' ऐकलं की मामी नेहमी डोक्याला हात लावायची. पंचफुलाला तेव्हा ते आठवायला हवं होतं.

काम चालू असताना मामा कोणाला शेडमध्ये येऊ देत नसे. पंचफुला रोज कॉलेजातून येताना दारावर थाप मारायची. आतून आवाज यायचा, "सहा पाय काढले!" दुसऱ्या दिवशी, "ठिपके दिले!" तिसऱ्या दिवशी, "आता फकस्त भाव राह्यला!"

"कसला भाव?" तिनं बाहेरून ओरडून विचारलं.

"चेहऱ्यावरचा!"

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही.

निघायच्या सकाळी मामा आणि त्याचा शेजारी असे दोघं मिळून काहीतरी उचलून बसस्टँडवर आले. आधी पंचफुलाला वाटलं, कोणाच्या घराचं दार काढून आणलं. जवळ आल्यावर दिसलं की ते जुन्या सिनेमाच्या बोर्डाची चौकट होती आणि तिच्यावर ताणलेल्या कापडावर तिचा ढेकूण होता. म्हणजे होते दोघंही. पाय सहा-सहाच होते, ठिपकेही बरोबर होते. पण नराला बारीक मिशी होती आणि कपाळावर केसांचा कोंबडा. मादीला लांब पापण्या होत्या, आणि ती मान वळवून मागच्या नराकडे असं काही पाहत होती की पंचफुलानं आपोआप नजर दुसरीकडे वळवली. मागे सूर्य मावळत होता. वर तांबड्या, रक्त ओघळणाऱ्या अक्षरांत 'युग्मावस्था' असं लिहिलं होतं, आणि खाली कोपऱ्यात 'पेंटर खुशाल, अमरावती'. मधल्या जागेत तिचे सगळे आकडे आणि निष्कर्ष मात्र चोख, सुवाच्य अक्षरात उतरवलेले होते.

"मामा!" पंचफुलानं मामीसारखा डोक्याला हात लावला.

"बोलू नको," मामा गहिवरून म्हणाला. "मले मालूम हाये. मलेबी रडू आलं होतं."

हात लावून पाहिलं तर रंग ओला. ऑइलपेंट होता, गुंडाळायचा प्रश्नच नव्हता. दुसरा काढायला वेळ नव्हता. कंडक्टर आधी नाही म्हणाला. मग त्यानं चित्र नीट पाहिलं, पिक्चर कोणत्या टॉकीजला लागणार आहे ते विचारलं आणि तक्ता टपावर उताणा बांधायला स्वतः मदत केली. आपल्या कलेला एकटं सोडणं मामाला जमेना, म्हणून तोही अंगातल्या कपड्यांनिशी बसमध्ये चढला. पंचफुलाच्या मांडीवर बरणी होती. बरणीत ताजे ढेकूण, जोडीजोडीनं.

मूर्तिजापूरला एक शेतकरी कापसाचं भलंमोठं गाठोडं घेऊन चढला. गाठोडं टपावर गेलं. बोरगावच्या अलीकडे रस्ता असा होता की बसमधली माणसं एकमेकांच्या मांडीवर जाऊन परत येत होती. अशाच एका खड्ड्यात वर काहीतरी फाटल्याचा आवाज झाला आणि खिडकीबाहेर कापूस उडताना दिसू लागला.

मामानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडला, "गाडी रोका! माहा हिरो!"

गाडी थांबेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. ओल्या रंगावर कापूस बसला तो बसला. मावळता सूर्य ढगाआड गेला. मादीच्या अंगावर शाल पांघरल्यासारखं झालं. आणि नराच्या मिशीखाली छातीपर्यंत लांब पांढरी दाढी आली. मामानं टपावर चढून एक पुंजका ओढून पाहिला, तर त्याच्याबरोबर मिशीच निघाली.

"हात नको लावू!" पंचफुला ओरडली. "आकडे तरी राहू दे!"

शेतकरी टपावर चढून उरलेला कापूस गोळा करत होता. त्यानं तक्त्याकडे पाहून हात जोडले. "कोन्ते महाराज हायेत, बाई?"

परिषद एका शाळेच्या इमारतीत होती. व्हरांड्यात ओळीनं लहान लहान तक्ते लावलेले, पांढऱ्या कागदावर काळी शाई, टोकदार आणि शिस्तीचे. पंचफुलाचा तक्ता व्हरांड्याच्या दारातूनच आत जाईना. शेवटी स्वयंसेवकांनी तो जेवणाच्या मांडवाच्या तोंडाशी, दोन खांबांच्या मधे उभा केला. पानाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यासमोरून जाणं भाग होतं.

किसनराव सकाळच्या गाडीनं आधीच आलेले. त्यांनी तक्ता पाहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला.

"मिस तायडे, हे अमरावतीचं आहे असं कुठे लिहिलं आहे?"

"खाली कोपऱ्यात, सर."

"त्याच्यासमोर उभ्या राहा," किसनराव म्हणाले आणि स्वतः लांबच्या एका झाडामागे गेले.

पंचफुला कोपऱ्यासमोर उभी राहिली. महिनाभर पाठ केलेलं भाषण ती मनात घोकत होती. आधी दोघं-तिघं आले आणि हसू दाबत पुढे गेले. मग नागपूरचे एक प्राध्यापक थांबले. त्यांनी दाढीकडे बोट दाखवून गंभीरपणे विचारलं, "नराच्या मुखाखाली ही जी पांढरी वाढ दिसते, ती बुरशी का? की दीर्घ युग्मावस्थेमुळे येणारं वार्धक्य?"

मागे मामा मान हलवून 'हो म्हण, हो म्हण' अशा खुणा करत होता. पंचफुलानं त्याच्याकडे काणाडोळा केला.

"नाही सर. तो मूर्तिजापूरचा कापूस आहे. टपावर चिकटला."

ते प्राध्यापक असे हसले की चार माणसं कशाला हसतात ते बघायला आली, आणि त्यांना बघायला आणखी दहा. हसू ओसरल्यावर प्राध्यापकांनीच विचारलं, "बरं, आता तुम्ही काय पाहिलं ते सांगा." आणि कसं कोण जाणे, पंचफुला ते पाठ केलेलं भाषण विसरून गेली नि तिला साधं बोलता येऊ लागलं. ती शेताबद्दल बोलली, उन्हाबद्दल बोलली, मादी फांदी कशी निवडते ते बोलली.

तेवढ्यात जेवायला निघालेल्या बायकांचा घोळका आला. सगळ्यांत पुढे जरीकाठी लुगड्यातल्या ठसठशीत बाई होत्या.

"म्हंजे, पोरी," त्या मधेच म्हणाल्या, "बाई सरळ चालते, खाते-पिते, आन् नवरा मागं मागं उलटा?"

"हो, बाई."

"आन् त्याले कुठं चाल्लो थे दिसतबी नाही?"

"त्याचं तोंड दुसरीकडे असतं ना."

बाईंनी कमरेवर हात ठेवले आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अवो, या इकडं! पाहा, पोरीनं काय शोधून काढलं! अहो, ऐकलं का? तुमीबी या!"

गर्दी बाजूला झाली आणि पांढरा कोट, पांढरं धोतर, काळी टोपी अशा वेषात डॉक्टर भडभडे पुढे आले. झाडामागून किसनरावांनी डोळे मिटल्याचं पंचफुलाला दिसलं. बाई म्हणजे भडभड्यांच्या पत्नी गोदाबाई, माहेर बाळापूरचं. लग्नानंतर इतकी वर्षं पुण्यात राहूनही त्यांनी आपली बोली एका अक्षरानं बदलली नव्हती.

भडभड्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. दाढीपाशी जरा थबकले.

"निष्कर्ष चुकीचा आहे," ते म्हणाले. "नरच मादीला ओढतो. माझ्या पुस्तकात सप्रमाण दिलेलं आहे."

पुस्तक पंचफुलानंही वाचलं होतं. पण तिनं पूर्ण हंगाम उन्हात काढला होता आणि पुस्तक उन्हात बसलं नव्हतं. "सर, मी जोड्या आणल्या आहेत. पाहता का?"

मांडवात जवळच्या एका टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ होता. तिनं बरणी उघडून एक जोडी हळूच त्यावर सोडली. सगळा मांडव वाकला. स्वयंपाकी हातात झारा घेऊन आला. जोडी आधी हललीच नाही.

"चाल रे, इज्जत ठेव," मामा कुजबुजला.

मग मादीनं मिशा हलवल्या, दिशा ठरवली आणि निघाली. नर मागे, उलटा. टेबलाची कड आली. कडेवर भडभड्यांनी हात टेकवला होता. मादी बोटावर चढली, बोटावरून कोटाच्या बाहीवर.

"पाहा, सर, मादीच पुढे आहे," पंचफुला म्हणाली.

"दिसतंय," भडभडे म्हणाले. आता त्यांना हात हलवता येईना. हलवला तर प्रयोग बिघडला म्हणतील. जोडी कोपरापर्यंत गेली, खांद्यावर गेली, थोडी थबकली. कॉलरपाशी पोचली तेव्हा भडभडे मान वाकडी करून श्वास रोखून उभे होते. मादी मानेवर चढली. नरही मागोमाग उलट्या पायांनी गुदगुल्या करत चढला. भडभड्यांच्या ओठांना कंप सुटला. एवढे मोठे कीटकशास्त्रज्ञ, पण त्यांना मानेवर गुदगुल्या होतात हे त्या दिवसापर्यंत फक्त गोदाबाईंना माहीत होतं.

"ही... ही ही... काढा हो! ही ही... काढा कोणीतरी!"

"आधी मान्य करा, मंग काढतो," गोदाबाई म्हणाल्या.

"मान्य! मादी! मादीच ओढते! हूं हूं हूं..."

पंचफुलानं चिमटीनं जोडी अलगद उचलून बरणीत टाकली. भडभड्यांनी टोपी सावरली, कोट झटकला. किसनरावांनी झाड घट्ट धरलं.

"पुस्तकाबद्दल म्हणाल," भडभडे खाकरून म्हणाले, "तर ती आवृत्ती माझ्या लग्नाच्या आधीची आहे."

मग जो काही हशा उठला, त्यात झारा खाली पडला. भडभडे स्वतःही हसले. त्यांनी जवळच्या माणसाकडून पेन मागून घेतलं, पंचफुलाचं पूर्ण नाव विचारलं, 'तायडे'मधला प्रत्येक काना-मात्रा नीट लिहून घेतला आणि म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतो, तुमच्या नावानं. आणि पुढच्या वर्षी तक्ता नको. निबंध वाचा. व्यासपीठावर."

किसनराव झाडामागून निघून थेट तिच्या शेजारी उभे राहिले. "आमच्याच डिपार्टमेंटची पोरगी हाये!" ते सगळ्यांना सांगू लागले. पुणं पुन्हा बडनेऱ्यात राहिलं होतं, पण त्याची त्यांना आता पर्वा नव्हती.

नागपूरच्या प्राध्यापकांनी मामाला गाठलं होतं. त्यांना गांडुळाचा असाच तक्ता हवा होता.

"काढून देतो," मामा रुबाबात म्हणाला. "हिरो आन् हिरॉइन दाखवा फकस्त."

"गांडुळात तसं नसतं. एकाच गांडुळात नरही असतो नि मादीही."

मामानं हवेत बोटानं एक गांडूळ काढून पाहिलं. त्याचा चेहरा एकदम उजळला. "डबल रोल! साहेब, पैलेच सांगाचं ना!"

जेवणानंतर अकोल्याचे शेतकरी आले, शाळेच्या मास्तरणी आल्या, गोदाबाई आणखी बायकांना घेऊन आल्या. प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं होतं. सकाळी गारठ्यात झाड हलवून ढेकूण रॉकेलच्या पाण्यात कसे पाडायचे, जोडी दिसली तर आधी ती कशी उचलायची, हे पंचफुलानं इतक्यांदा सांगितलं की संध्याकाळी बसमध्ये बसली तेव्हा तिच्या घशातून नुसती हवा निघत होती.

घरी इंदूबाईनं दारातच विचारलं, "काय झालं, वं? मोठ्या लोकायनं काय म्हटलं?"

पंचफुलानं तोंड उघडलं. आवाज नाही. देवमननं पाण्याचा तांब्या पुढे केला. शेजारीपाजारी ओट्यावर जमले होते. तेव्हा मामा मधोमध बसला, मांड्यांवर थाप मारली आणि सांगू लागला.

"काय सांगू, भाऊजी! हे एवढा ढेकून! वाघावानी! पोरीनं त्याले नुसतं 'जा' म्हटलं, आन् थो थेट अध्यक्षाच्या टोपीत! अध्यक्ष पाया पडून राह्यले तिच्या. 'बाई, मले सोडवा, माहं पुस्तक जाळून टाकतो!'"

पंचफुला दोन्ही हात हलवून नाही नाही करत होती.

"पाहा, कशी लाजून राह्यली," मामा म्हणाला. "आन् पुढं तं आयका. तेवढ्यात झाडामागून एक डाकू निघाला..."

देवमननं पोरीकडे पाहिलं. ती हात हलवायची थांबली होती आणि भिंतीला टेकून, आवाज न होता, पोट धरून हसत होती. त्यालाही हसू आलं. इंदूबाईनं तिच्यासाठी गरम भाकर आणि झुणका वाढला, आणि मामाचा डाकू घोड्यावरून उतरेपर्यंत पंचफुलानं दोन भाकरी संपवल्या.